जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी प्रिंटर जोडून बघा

नाशकात सिडकोत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, प्रतिज्ञापत्रं, परीक्षांचे फॉर्म असलं सगळं काम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि गिऱ्हाईक प्रिंट घेता घेता विचारायला लागलं, "दादा, लॅपटॉप भंगारात काढू का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे धडधाकट मशीनसुद्धा बाद ठरतात. अशा मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टम, छान चालतं. पण फुकट आहे म्हणून टाकू नका. तुमचं काम त्यावर होतंय का, ते बघून टाका.

मिंटच्या साइटवरून २२ मालिकेतली आवृत्ती घ्या. ती उबुंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई हा मिंटचा हलका प्रकार, ८ असेल तर सिनॅमन हा जरा जड. फाइल ३ जीबीच्या आसपास असते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि रूफस नावाच्या प्रोग्रामने त्यावर चढवा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. मग लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबत राहायचं आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडायचा.

इथं बहुतेक जण लगेच इन्स्टॉलवर क्लिक करतात. थांबा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. दुपारभर तसंच वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा बघा, झाकण मिटून परत उघडा. आणि प्रिंटर जोडा! नवे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात, अडतं ते जुन्या लेझरपाशी. नाशकातल्या निम्म्या दुकानांत दिसणारा एचपी १०२० घ्या. त्याचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, प्रिंटरमध्ये साठून राहत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून पाठवावं लागतं. म्हणून नुसतं नाव दिसून भागत नाही, एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरचं प्लगइन उतरवून घ्यावं लागतं. ते घेतलं की छपाई चालू. काही जुन्या मॉडेलना मात्र धड ड्रायव्हरच नाही. तुमचा त्यातला निघाला तर आत्ताच कळेल.

दुसरी परीक्षा मराठीची. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मिळतं, इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना मराठी कागप. लिब्रे ऑफिसमध्ये (वर्डच्या जागी मिंटमध्ये हेच असतं) फाइलची भाषा मराठी ठेवा आणि फॉन्ट लोहित देवनागरी. म्हणजे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे. वकिलाच्या नजरेतून हे सुटत नाही. मंगल फॉन्टमधली वर्डची फाइल इथं उघडली की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात आणि तीन पानांचा अर्ज चौथ्या पानावर जातो. तेव्हा बाहेर द्यायची ती पीडीएफच द्या.

आता स्पष्ट सांगतो. टॅलीवर हिशेब असेल किंवा श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षांचे मसुदे पडलेले असतील, तर विंडोजचं एक मशीन ठेवाच. श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोड नसतो, फॉन्ट नसला की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) चालतं म्हणून यूट्यूबवर सांगणाऱ्याला तुमची जीएसटीची तारीख गाठायची नसते. माझ्या काउंटरवर मिंट आहे, मागच्या टेबलावर विंडोज. लिनक्सवाल्या मित्रांना हे आवडत नाही, नसू दे.

सगळं जमलं तर टाकायला घ्या. आधी डेटाची कॉपी बाहेरच्या डिस्कवर. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेलीच असते, म्हणून इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावून बसा. मध्येच लाइट गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत टिक करा, बाकी नेक्स्ट-नेक्स्ट. अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याआधी एसएसडी बसवून घ्या. वेगात खरा फरक तिनेच पडतो, लिनक्सने नव्हे.

शेवटी मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू करून पहिला स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमची आत्ताची प्रत, घ्या. अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टम मागे नेता येते. त्यात तुमच्या फाइली मात्र येत नाहीत, त्यांची कॉपी वेगळी ठेवावी लागते.