एक्सएमएल, एचटीएमएलच्या सर्चमध्ये भलताच रिझल्ट वर येतोय? या चुका टाळा

टायटल, हेडिंग, मजकूर असे टॅग लावलेल्या पानांवर (एक्सएमएल, एचटीएमएल) सर्च लावला, रिझल्ट पण येतायत, पण पाहिजे ते पान सातव्या नंबरला आणि सगळ्यात वर भलतंच काहीतरी. मग बहुतेक जण काय करतात तर टायटलचा बूस्ट (म्हणजे त्याला दिलेलं जास्तीचं वजन) ५ होता तो १० करतात, एक क्वेरी सुधारते आणि चार बिघडतात. आधी स्कोअर कुठून आला ते बघा ना, इलॅस्टिकसर्च या सर्च सॉफ्टवेअरमध्ये क्वेरीसोबत एक्सप्लेन ऑन केलं की कुठल्या शब्दाला कुठल्या फील्डमध्ये (टायटल, हेडिंग असा पानाचा एकेक भाग) किती मार्क पडले ते सगळं दिसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक फील्डचा बीएम२५ स्कोअर (शब्द किती जुळले यावरून मार्क देणारा नेहमीचा फॉर्म्युला) वेगळा काढून शेवटी बेरीज मारणं. समजा क्वेरी आहे "पासवर्ड रीसेट". एका पानात टायटल, हेडिंग, मजकूर तिन्हीकडे एकेकदा "पासवर्ड" आहे पण "रीसेट" कुठेच नाही, दुसऱ्या पानात दोन्ही शब्द मजकुरात एकेकदा. दोन्ही शब्दांचं वजन सारखं धरलं, लांबी बाजूला ठेवली, फील्डमध्ये शब्द एकदा आला की १ मार्क, तर पहिल्याला ३ आणि दुसऱ्याला २. म्हणजे ज्यात उत्तरच नाही ते वर! बीएम२५ मध्ये तोच शब्द परत आला की मार्क कमी कमी वाढतात, पण बेरीज केली की हा लगाम प्रत्येक फील्डला नव्याने सुटतो. २००४ साली रॉबर्टसन, झारागोझा आणि टेलर यांनी यावरच उपाय मांडला, बीएम२५एफ: शब्द किती वेळा आला ते फील्डच्या वजनासकट आधी एकत्र करायचं आणि मग फॉर्म्युला एकदाच लावायचा. के१ (मार्क किती लवकर वाढायचे थांबतात ते ठरवणारा आकडा) १.२ धरला, तिन्ही फील्डचं वजन सारखं ठेवलं, तर पहिलं पान १.५७ वर येतं, दुसरं २ वरच राहतं. (इलॅस्टिकसर्चच्या आत ल्युसीन नावाचं इंजिन चालतं, त्याच्या ८ व्या आवृत्तीपासून आकडे लहान दिसतात, क्रम तोच.) इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी कम्बाइन्ड फील्ड्स क्वेरी आहे, फक्त सगळ्या फील्डना ॲनालायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) एकच पाहिजे.

दुसरं, एकात एक असलेले टॅग. परिच्छेद जुळला म्हणजे त्याचा सेक्शन जुळला आणि अख्खा लेखही जुळला, मग तोच मजकूर तीनदा दिसतो. आई-लेकरापैकी (बाहेरचा टॅग आणि त्याच्या आतला) एकच दाखवा. आणि दोन शब्दांचं हेडिंग स्वतंत्र उत्तर म्हणून इंडेक्स करू नका (सर्चच्या यादीत घालू नका), लांबीच्या हिशोबात छोट्या तुकड्याला फायदा मिळतो आणि वाचणाऱ्याच्या हातात नुसतं शीर्षक येतं. त्याचं वजन सेक्शनला द्या.

एक्सपाथ (एक्सएमएलमधून हवा तो भाग शोधायची भाषा) मधल्या कंटेन्स फंक्शनकडून रँकिंगची अपेक्षा नको, ते फक्त हो किंवा नाही सांगतं.

मराठी मजकूर असेल तर "दुसऱ्या" मधला ऱ नक्की तपासा, कधी तो एकच कोड असतो तर कधी र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन, डोळ्याला फरक दिसत नाही पण सर्चला ते दोन वेगळे शब्द. इंडेक्स करताना आणि क्वेरी घेताना दोन्हीकडे एनएफसी लावा, म्हणजे युनिकोडची अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत.

आणि टेस्टिंगला मोजकीच डॉक्युमेंट असताना सारख्या पानांना वेगळे स्कोअर दिसले तर घाबरू नका, प्रत्येक शार्ड (इंडेक्सचा एक तुकडा) आपापलं आयडीएफ, म्हणजे शब्द किती दुर्मिळ त्याचं वजन, मोजतो, एका शार्डवर टेस्ट करून बघा.