'ऑन्ट्रे' मागवताना या चुका टाळा

सिडनीतल्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवर 'ऑन्ट्रे' पाहून जेवण मागवलंत आणि समोर चार घासांची बशी आली, तर स्वयंपाक्यावर चिडू नका. ऑस्ट्रेलियात ऑन्ट्रे म्हणजे स्टार्टर. अमेरिकेत मात्र हाच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात. न्यू जर्सीत राहून आलेल्यांची फसगत होते ती इथेच.

दुसरी चूक अर्धवट माहितीची: अमेरिकनांनी फ्रेंच शब्दाची वाट लावली, असं ठासून सांगणं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'प्रवेश'. इंग्रजीतला 'एन्ट्री' त्याच घराण्यातला, फक्त कित्येक शतकं आधी आलेला. पण 17व्या-18व्या शतकातल्या फ्रेंच शाही मेजवानीत ऑन्ट्रे म्हणजे तोंडी लावणं नव्हतं. सुरुवातीच्या वाढपात सूपच्या जोडीने येणारे ते गरम, भरभक्कम पदार्थ असत, बहुतेक मांसाचे. भाजलेलं मांस त्यानंतर यायचं. 19व्या शतकात एकेक पदार्थ क्रमाने वाढायची रशियन पद्धत रुजली आणि पुढे पदार्थांची संख्याही आटत गेली. अमेरिकेत ऑन्ट्रेच मुख्य पदार्थ होऊन बसली. फ्रान्समध्ये तिची सुरुवातीची जागा टिकली, पण पदार्थ हलका झाला. एकाने वजन राखलं, दुसऱ्याने जागा. तेव्हा अमेरिकनांना हसण्यात फारसा अर्थ नाही.

पॅरिसमध्ये आणखी एक घोळ होतो. तिथे आधी 'आंत्रे' (ऑन्ट्रेचाच फ्रेंच उच्चार), मग 'प्ला', शेवटी 'देसेर' म्हणजे गोड पदार्थ असा क्रम असतो. पोटभरीचा पदार्थ म्हणजे प्ला. दुपारी अनेक ठिकाणी 'फॉर्म्युल' मिळतं: आंत्रे आणि प्ला, किंवा प्ला आणि देसेर, ठरलेल्या किमतीत. तिन्ही पदार्थांइतकी भूक नसेल तर हे बरं. आणि पदार्थांची यादी हवी असेल तर 'मेन्यू' नको, 'कार्त' मागा. फ्रेंचमध्ये मेन्यू म्हणजे सहसा ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण.

उच्चाराचं फार मनावर घेऊ नका. इंग्रजी बोलताना 'ऑन्ट्रे' पुरे. नाकातून फ्रेंच काढायची गरज नाही. 'एन्ट्री' मात्र म्हणू नका.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न सहसा येतच नाही, तिथे सरळ 'स्टार्टर' आणि 'मेन' लिहितात. भारतातल्या हॉटेलांत ऑन्ट्रे दोन्ही अर्थांनी दिसू शकते, म्हणून आधी किंमत बघा: ऑन्ट्रेखाली 'मेन्स' असा वेगळा, महागडा विभाग असेल, तर ऑन्ट्रे म्हणजे स्टार्टर.