ग्रोथ हार्मोनची कमतरता आणि हृदय: तपासणी, डोस, देखरेख

पोटाचा घेर वाढलेला, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढलेलं, दोन जिने चढले की दम. इंदूरमध्ये अशा माणसाला पहिला सल्ला मिळतो तो शेव-जिलबी कमी करण्याचा. सल्ला बरोबरच आहे. पण पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या, ग्रोथ हार्मोनसह अनेक हार्मोन्स स्रवणाऱ्या ग्रंथीच्या) गाठीची शस्त्रक्रिया, मेंदूला दिलेलं रेडिएशन किंवा डोक्याला बसलेला जबर मार, यांपैकी काही मागे घडलं असेल तर तेवढ्यावर थांबू नये; ग्रोथ हार्मोनची कमतरता आहे का तेही तपासावं. बायकांच्या बाबतीत बाळंतपणाची चौकशी आवर्जून करावी: खूप रक्त गेलं होतं का, नंतर अंगावरचं दूध आलंच नाही का, पाळी परत सुरूच झाली नाही का. हा शीहान सिंड्रोम (बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पिट्युटरी निकामी होणं) असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षं ‘अशक्तपणा’ या नावाखाली दडून राहतो. घोणस चावल्यानंतरही पिट्युटरी निकामी होऊ शकते. यातलं काहीच नसेल, लहानपणीही हा आजार नसेल, तर नुसत्या थकव्यासाठी ही तपासणी करू नये.

हृदयाशी याचा संबंध असा. ग्रोथ हार्मोन पोटाच्या आतली चरबी विरघळवतं आणि यकृताला रक्तातलं एलडीएल उचलायला लावतं. ते कमी पडलं की आतली चरबी साचते, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, एलडीएल वाढतं, रक्तवाहिन्यांची भिंत जाड होऊ लागते. कमतरता लहानपणापासून असेल तर हृदयाचा स्नायूही पातळ राहतो. पिट्युटरी निकामी झालेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू जास्त असल्याचं १९९० मध्ये स्वीडनमधून प्रसिद्ध झालं. मात्र त्यामागे एकटं ग्रोथ हार्मोन नाही. रेडिएशन, स्टेरॉइडचा जास्त डोस आणि उपचाराविना राहिलेली लैंगिक हार्मोन्सची कमतरता यांचाही वाटा असतो.

लॅबच्या पॅकेजमधली साधी ग्रोथ हार्मोनची चाचणी यासाठी निरुपयोगी आहे. हे हार्मोन झटक्याझटक्याने, जास्त करून झोपेत स्रवतं. दिवसा निरोगी माणसातही ते जवळपास शून्य दिसू शकतं. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाने यकृतात तयार होणारं हार्मोन) करावं आणि ते वयानुसारच्या मर्यादेशी ताडावं. कुपोषण, यकृताचा आजार, बेताबाहेरची शुगर, थायरॉइडची कमतरता, तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन, या सगळ्यांनी ते खाली जातं. उलट ते नॉर्मल आलं म्हणून कमतरता नाही, असंही नाही. पिट्युटरीची इतर तीन किंवा अधिक हार्मोन्स गेलेली असतील आणि आयजीएफ-१ कमी असेल तर पुढची चाचणी लागत नाही.

बाकीच्यांना उत्तेजन चाचणी लागते, म्हणजे औषध देऊन ग्रोथ हार्मोन किती वाढतं ते बघायचं. इन्सुलिन देऊन साखर ४० च्या खाली नेण्याची पद्धत जुनी आणि विश्वासाची, पण हृदयविकार किंवा फिट्स असतील तर ती करू नये. अशांना ग्लुकागॉन (साखर वाढवणारं हार्मोन) सोयीचं: स्नायूत १ मि.ग्रॅ., वजन ९० किलोंपेक्षा जास्त असेल तर १.५, आणि दर अर्ध्या तासाने तीन-चार तास नमुने. त्यात ग्रोथ हार्मोनची कमाल पातळी दर मि.ली.ला ३ नॅनोग्रॅमपेक्षा कमी आली तर कमतरता. लठ्ठ माणसात मात्र ही रेषा १ वर आणतात, कारण लठ्ठपणानेच प्रतिसाद दबतो. मळमळ होते, साखर उशिरा उतरू शकते. म्हणून चाचणी संपल्यावर पोटभर खाऊनच घरी जावं. मुलांना करतात ती क्लोनिडिन चाचणी मोठ्यांत कामाची नाही.

आता क्रम, आणि इथेच खरा धोका आहे. आधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) तपासून त्यांची कमतरता भरून काढायची. त्यातही कॉर्टिसॉल पहिलं, थायरॉइड नंतर. ग्रोथ हार्मोन सुरू केल्यावर या दोन्हींची लपलेली कमतरता उघडी पडू शकते. पिट्युटरीच्या आजारात ‘टीएसएच नॉर्मल’ या शब्दांवर विसंबू नका, कारण टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन पिट्युटरीतूनच येतं. थायरॉइडच्या गोळीचा डोस फ्री टी-४ बघून ठरतो.

ग्रोथ हार्मोनचा सुरुवातीचा डोस वजनावर ठरवत नाहीत. तिशीच्या आत रोज ०.४ ते ०.५ मि.ग्रॅ., तीस ते साठ ०.२ ते ०.३, साठीनंतर ०.१ ते ०.२. मधुमेह असेल तर आणखी कमी. दर एक-दोन महिन्यांनी आयजीएफ-१ बघून ०.१ ते ०.२ ने वाढवायचं. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना डोस जास्त लागतो. इस्ट्रोजेनचा पॅच किंवा जेल असेल तर कमी पुरतो.

चूक होते ती मोजमापात. चिठ्ठीवर मिलिग्रॅम, बाटलीवर युनिट आणि हातात इन्सुलिनची सिरिंज! १ मि.ग्रॅ. म्हणजे ३ युनिट, म्हणजे ०.२ मि.ग्रॅ.ला ०.६ युनिट. ४ युनिटच्या बाटलीतली पावडर १ मि.ली. इंजेक्शनच्या पाण्यात मिसळली तर ते ०.१५ मि.ली. होतं; चाळीसच्या (यू-४०) सिरिंजवर ६ च्या आकड्याची रेघ, शंभरच्या (यू-१००) सिरिंजवर १५ च्या आकड्याची. बाटली किंवा पाणी बदललं की हिशेब बदलतो, म्हणून डॉक्टरांकडून मि.ग्रॅ., युनिट आणि रेघा तिन्ही लिहून घ्या. इंजेक्शन रात्री, मांडीत किंवा पोटावर त्वचेखाली, जागा रोज बदलून. बाटली हलवायची नाही, तळहातांत हलकेच फिरवायची. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. मे महिन्यात दवा बाजारातून आणताना बर्फाच्या पॅकसह घ्या, पण पॅक बाटलीला थेट टेकू देऊ नका.

या उपचाराने आतली चरबी घटते, एलडीएल थोडं उतरतं. पण हृदयविकाराचे झटके टळतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्तदाबाची गोळी इंजेक्शनच्या भरवशावर बंद करू नये. दर सहा महिन्यांनी आयजीएफ-१, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब आणि कमरेचा घेर (पुरुषांत ९०, बायकांत ८० सें.मी.च्या आत हवा) नोंदवा. जास्त डोसने जास्त फायदा होत नाही. ॲक्रोमेगलीत (शरीरातच ग्रोथ हार्मोन जास्त तयार होण्याच्या आजारात) अतिरिक्त ग्रोथ हार्मोनमुळेच हृदय जाड होतं आणि रक्तदाब वाढतो. जिममध्ये हे टोचून घेणाऱ्यांनी तेवढं तरी ध्यानात घ्यावं.

पावलं सुजणं, सांधे दुखणं, रात्री बोटांना मुंग्या येणं ही पाणी साठल्याची लक्षणं. डॉक्टरांना सांगून डोस कमी केला की बहुधा जातात. कर्करोग सक्रिय असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील किंवा माणूस अतिदक्षता विभागात असेल तर हे औषध देत नाहीत. सतत डोकं दुखून नजर धूसर झाली तर पुढचं इंजेक्शन न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.