वर्गातल्या ग्रुपवर मुलाचा छळ होतोय? ब्लॉक करण्याआधी हे करा

मुलाचा फोटो विद्रूप करून वर्गाच्या ग्रुपवर फिरवलाय आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागलीय, हे कळलं की बहुतेक आईवडील आधी त्याचा फोन काढून घेतात. तसं करू नका. फोन जाईल या धास्तीनेच मुलं सगळं मनात ठेवतात, आणि पुरावाही त्याच फोनमध्ये असतो.

ग्रुप सोडायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. स्टोरी 24 तासांत जाते. व्हॉट्सॲपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील, तर सेटिंगप्रमाणे 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस मिळतात. नुसती शिवी कापून घेतलेला स्क्रीनशॉट शाळेत टिकत नाही. ‘आधी यानेच सुरुवात केली’ म्हणायला समोरचा मोकळा राहतो. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि आधीचे चार-पाच मेसेज त्यात आलेच पाहिजेत. इन्स्टाग्रामवर युजरनेम टिपा आणि पोस्टची लिंकही कॉपी करा, कारण युजरनेम कधीही बदलता येतं. स्नॅपचॅट स्क्रीनशॉटची खबर समोरच्याला देतं. तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा.

नग्न फोटोचं मात्र वेगळं आहे. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुरावा म्हणूनही सेव्ह किंवा फॉरवर्ड करू नका. बऱ्याच देशांत तोही गुन्हा ठरतो. लिंक, युजरनेम आणि वेळ कागदावर लिहा. मूळ फोटो मुलाच्याच फोनमध्ये असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. ती फोनवरच फोटोचा हॅश, म्हणजे आकड्यांचा ठसा, काढते. फोटो कुठेही अपलोड होत नाही, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्या ठशावरून प्रती शोधतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे जिथले मेसेज प्लॅटफॉर्मलाही वाचता येत नाहीत तिथे, मात्र ही सेवा पोचत नाही.

मग रिपोर्ट करा. प्रत्येक पोस्ट वेगळी रिपोर्ट करा, कारणही नेमकं निवडा. रिपोर्ट कोणी केला हे समोरच्याला कळत नाही.

ब्लॉक सगळ्यात शेवटी. रोज त्याच वर्गात बसणाऱ्याला ब्लॉक केलं की त्याला ते लगेच कळतं आणि तो प्रत्यक्षात जास्त त्रास देऊ शकतो. अशा वेळी इन्स्टाग्रामचं ‘रिस्ट्रिक्ट’ बरं: त्याच्या नव्या कमेंट्स तुम्ही मंजूर करेपर्यंत फक्त त्यालाच दिसतात.

शाळेला तोंडी सांगू नका. तारीखवार एक पान लिहून द्या आणि काय कारवाई करणार, कधीपर्यंत, हे लेखी मागा. त्या मुलाच्या घरी परस्पर फोन नको. तिथे भांडण होतं आणि चॅट पुसली जाते.

जिवे मारण्याची धमकी किंवा पैशांची मागणी आली तर शाळेची वाट न बघता त्याच दिवशी पोलिसांकडे जा. मूल ‘जगायचंच नाही’ म्हणालं तर स्क्रीनशॉट राहू द्या. त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.