दवाखान्यात गेल्यावर आधी भिंत वाचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात मी आशा सेविका आहे. गर्भपातासाठी बाईसोबत निघायच्या आधी तिच्या ओसरीवरच आठवडे मोजून घेते. तारीख कोण लिहून ठेवते? "तान्ह्या पोळ्याले पाळी आली होती वो ताई," एवढंच कळते. मग कॅलेंडर काढायचं, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. गोळ्यांनी होते ते नऊ आठवड्यांपर्यंत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरते. पुढे चोवीसपर्यंत दोन डॉक्टर लागतात, तेही कायद्यात सांगितलेल्या बायांसाठीच.

आता भिंत. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे' ही पाटी सगळीकडे दिसते. बाया अर्धीच वाचतात आणि गर्भपातच गुन्हा समजून माघारी फिरतात. ती पाटी १९९४ च्या कायद्याची. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा. खाजगी दवाखान्याला त्या कायद्याखालचं मान्यतेचं प्रमाणपत्र येणाऱ्याला दिसेल असं लावावं लागते. ते शोधा. नसेल तर विचारा. उत्तर टाळलं तर उठा.

माझ्या लेकीनं मोबाईलवर वाचून दाखवलं, अमेरिकेतही दवाखान्यातल्या पाट्यांवरून कोर्टबाजी झाली. तिथे गर्भपाताच्या विरोधातले लोक गरोदर बायांना मदत म्हणून केंद्रं चालवतात. कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये कायदा केला: केंद्राला दवाखान्याचा परवाना नसेल तर तसं लिहा, परवाना असेल तर सरकारी योजनेत गर्भपातही होतो हे लिहा. केंद्रं भांडली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी केंद्रांच्या बाजूनं कौल दिला, भाषणस्वातंत्र्याच्या नावानं. आपल्याकडे पाटीची सक्ती आहे, वाचणारं कोणी नाही!

नवऱ्याच्या सहीचं तर विचारूच नका. कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईला खाजगी दवाखान्यानं त्यासाठीच परत पाठवलं. नवरा पुण्याला बांधकामावर. सोळा दिवस वाया गेले. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही पुरते, लग्न झालेलं असो की नसो. आता मी वाद घालत नाही. "नवऱ्याची सही लागते, हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या जी," एवढंच म्हणते. आजवर कोणी लिहून दिलं नाही.

सोबत वयाचा पुरावा आणि जुनी सोनोग्राफी ठेवा. परतीची शेवटची एसटी किती वाजता, तेही उतरतानाच विचारा.