दोन सर्व्हर, एक डिस्क: कर्नलमध्ये ओसीएफएस२ कसे चालू करावे

एकाच आयस्कझी डिस्कवर, म्हणजे नेटवर्कवरून मिळणाऱ्या डिस्कवर, ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम टाकून ती डिस्क दोन सर्व्हरवर माउंट केली, की डेटाची वाट लागलीच म्हणून समजा. दोन्ही सर्व्हरचे कर्नल (लिनक्सचा गाभा) आपापल्या कॅशवर विसंबतात. दुसऱ्याने काय लिहिले ते कळायला मार्गच नसतो. इथे क्लस्टर फाइल सिस्टिमच लागते, म्हणजे अनेक सर्व्हरना एकच डिस्क एकाच वेळी वापरू देणारी. नागपूरजवळच्या मिहान किंवा बुटीबोरीतल्या दोन-तीन सर्व्हरच्या कार्यालयासाठी जीएफएस२ या दुसऱ्या क्लस्टर फाइल सिस्टिमपेक्षा ओसीएफएस२ बरी. सर्व्हरना एकत्र बांधणारा तिचा ओ२सीबी क्लस्टर कर्नलमध्येच असतो, पेसमेकर या वेगळ्या क्लस्टर सॉफ्टवेअरचा पसारा मांडावा लागत नाही.

लगेच कर्नल कंपाइल करायला बसू नका. २००६ साली आलेल्या २.६.१६ पासून ओसीएफएस२ मूळ कर्नलमध्ये आहे. आधी ‘मॉडप्रोब ओसीएफएस२’ चालवून बघा. चूक न दाखवता प्रॉम्प्ट परत आला, तर कर्नलचे काम बहुतेक झाले. रेड हॅटच्या कर्नलमध्ये मात्र हे मॉड्यूल मिळत नाही.

मॉड्यूल नसेल तर कर्नलच्या सोर्स फोल्डरमध्ये ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ चालवा आणि ‘फाइल सिस्टिम्स’मध्ये जा. ओसीएफएस२ वर ‘एम’ दाबा, म्हणजे ते मॉड्यूल म्हणून बनेल. त्याखालचा ‘ओ२सीबी कर्नलस्पेस क्लस्टरिंग’ हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर मॉड्यूल चढेल, पण क्लस्टर उभा राहणार नाही. ‘एक्सपेन्सिव्ह चेक्स’ बंदच ठेवा, उगाच वेग खातो. मग नेहमीप्रमाणे मेक, मॉड्यूल्स इन्स्टॉल, इन्स्टॉल आणि रीबूट. सगळ्या सर्व्हरवर एकच कर्नल ठेवा.

पुढे क्लस्टर डॉट कॉन्फ, म्हणजे क्लस्टरमधल्या नोडची (सर्व्हरची) यादी. ही फाइल सगळीकडे हुबेहूब सारखी हवी. नोडचे नाव म्हणजे त्या सर्व्हरचे होस्टनेमच. ‘क्लस्टर’ आणि ‘नोड’ ही शीर्षके ओळीच्या अगदी सुरुवातीला लिहा, त्यांखालच्या प्रत्येक ओळीआधी टॅब द्या, स्पेस नको. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. फायरवॉलमध्ये ७७७७ पोर्ट उघडा. डिस्क फॉरमॅट एकाच सर्व्हरवरून करा आणि तेव्हाच एक-दोन नोड स्लॉट (डिस्क माउंट करणाऱ्या सर्व्हरच्या जागा) जास्तीचे ठेवा.

आता विजेचे बघा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, की वीज कधी जाईल नेम नाही. सर्व्हर यूपीएसवर आणि नेटवर्क स्विच साध्या बोर्डावर, असे बऱ्याच ठिकाणी दिसते. नोडमधला संपर्क ३० सेकंद तुटला, की तो गेला असे धरले जाते आणि मग दोन नोडच्या क्लस्टरमध्ये मोठ्या क्रमांकाचा नोड स्वतःला रीसेट करतो. आयस्कझीही त्याच स्विचवरून येत असेल, तर डिस्कचा हार्टबीट (‘मी चालू आहे’ अशी डिस्कवरची नियमित नोंद) थांबून साधारण मिनिटभरात दुसराही जातो. स्विच आणि डिस्कचा बॉक्स, दोन्ही यूपीएसवर घ्या.