तिघांनी मिळून तीन सुरांत कसं गायचं (पीटर, पॉल अँड मेरी स्टाइल)

तिघं जण गायला बसले की आपल्याकडे तिघंही एकच चाल गातात, फार तर एखादा वरच्या सप्तकात जातो. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे पण जुळणारे सूर गाणं, शिकायची असेल तर पीटर, पॉल अँड मेरी या साठच्या दशकातल्या अमेरिकन लोकगीत गाणाऱ्या त्रिकुटासारखा दुसरा क्लास नाही.

आधी थोडं बॅकग्राउंड. १९५८ ला किंग्स्टन ट्रायो या ग्रुपचं 'टॉम डूली' हे गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि लोकगीतांना एकदम मार्केट आलं. मग १९६१ ला अल्बर्ट ग्रॉसमन या मॅनेजरने न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये हे तिघं जमवले. पॉलला सगळे नोएलच म्हणायचे, पॉल हे त्याचं मधलं नाव, ग्रुपच्या नावात शोभतं म्हणून पुढे आणलं. म्हणजे ग्रुप ठरवून बनवलेला, पण लगेच स्टेजवर ढकलला नाही, अरेंजर (कोणी काय गायचं ते बसवणारा) मिल्ट ओकनबरोबर कित्येक महिने नुसती प्रॅक्टिस, मग बिटर एंड क्लबात शो, आणि १९६२ चा पहिलाच अल्बम थेट एक नंबरला. मला विचाराल तर खरी कमाई त्या प्रॅक्टिसचीच.

तर सुरुवात अशा गाण्याने करा जे तिघांना झोपेतही येईल. ते तिघं म्हणे पहिल्यांदा एकत्र गायले ते 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब', त्यामुळे लाजू नका, बडबडगीतही चालेल. पट्टी अशी धरा की कोणालाच ओरडावं लागणार नाही, मेरीचा आवाज खालचा आणि भरदार होता म्हणून तिघांचे आवाज इतके जवळजवळ बसतात.

आता मेन काम. एकाने मूळ चाल गायची. दुसऱ्याने दोन सूर वरून, म्हणजे चाल सा रे ग गेली की याने ग म प. तिसऱ्याने फिरायचंच नाही, गिटारवर सा किंवा म ची कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) असेल तर सा धरायचा, प ची आली की प वर जायचं, बास. ऐकायला सोप्पं वाटतं पण गाताना दुसरा माणूस हमखास मूळ चालीकडे ओढला जातो. उपाय एकच, आपली ओळ आधी एकट्याने सरगममध्ये घोटायची, जणू ते वेगळंच गाणं आहे, आणि मगच शब्द घालायचे.

कान तयार करायला त्यांचे जुने स्टीरिओ रेकॉर्डिंग लावा आणि एकाच कानात इअरफोन घाला, दोन पुरुषांचे आवाज दोन बाजूंना आणि मेरी मधोमध ठेवलीय, त्यामुळे एकेकाची ओळ बऱ्यापैकी सुटी ऐकू येते. 'ब्लोइन इन द विंड' ऐकताना हेही बघा की तिघं सारखे तिन्ही सुरांत गात नाहीत, कधी एकटाच, कधी दोघं, म्हणून तिसरा आला की भारी वाटतं. नवशिके पहिल्या ओळीपासून तिघंही सुटतात, ते टाळा.

शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करा, फोन मधे आणि तिघं सारख्या अंतरावर. सूर जुळूनही गचाळ वाटत असेल तर शब्दांचे शेवट तपासा, बहुतेक वेळा एक जण शब्द सोडतो आणि बाकीचे दोघं अजून ओढत असतात.